रविवारचा ताप

काशिनाथ मैदानाच्या कडेला ओकत होता आणि मी त्याच्या डोक्याशी उभा राहून ओरडत होतो, "काल किती ढोसलीस ते सांग!"

"नाय पियालो, सर. अंगात कणकण हाय."

"मग घड्याळ खोटं बोलतंय का?"

मी माजी सैनिक. जव्हारला पोलीस भरतीचा क्लास चालवतो. पोरं-पोरी मोखाडा-खोडाळ्याकडच्या पाड्यांवरच्या. सकाळी शिरपामाळच्या रस्त्याने पळवायचं, मग मैदानात घाम काढायचा. ग्राउंड, म्हणजे भरतीची शारीरिक चाचणी, तोंडावर आली होती. काशिनाथची ही शेवटची संधी. पुढच्या भरतीला तो वयात बसणार नव्हता. आणि क्लासचा नियम कडक: जो दारू प्यायला, तो बाहेर. पहिल्याच दिवशी मी सांगतो, "मी थेंबाला शिवत नाही, तुम्हीही शिवायचं नाही."

घड्याळाचं प्रकरण असं. पुण्याच्या लेकीने मला स्मार्टवॉच पाठवलं. काशिनाथला भिवंडीत कामाला असलेल्या भावाने दिलं. अजून दोघा-तिघांकडे होती. मी ॲपवर ग्रुप केला. रोज सकाळी सगळ्यांचा एचआरव्ही सगळ्यांना दिसायचा. माझासुद्धा. सरही मैदानात आहेत हे दाखवायची हौस, दुसरं काय!

एचआरव्ही म्हणजे हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या अंतरातला फरक. मिनिटाला साठ ठोके पडतात, म्हणून दर सेकंदाला बरोबर एक पडतो असं नाही. श्वास घेतला की ठोके जरा जवळ येतात, सोडला की लांबतात. हा फरक चांगला. मोखाड्याच्या घाटात ताजातवाना ड्रायव्हर प्रत्येक वळणाला गिअर बदलतो, दमलेला एकाच गिअरमध्ये गाडी रेटतो. शरीर ताप, जागरण, दगदग किंवा दारू निस्तरत असलं की हृदयही असंच रेटतं, आणि आकडा पडतो. का पडला, ते मात्र घड्याळ सांगत नाही.

घड्याळाने ते सांगावं अशी मला गरजच वाटली नाही. काशिनाथ भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, घरी जाऊन आला होता. सोमवारी त्याचा आकडा तळाला. असा आकडा कशाने पडतो, हे मला स्वानुभवाने ठाऊक होतं. मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि शिक्षा म्हणून राउंड मारायला लावले. शेवटी तो ओकला, तेव्हा माझी खात्रीच पटली.

"सामान उचल. उद्यापासून यायचं नाही."

तेवढ्यात सविता पुढे आली. खोडाळ्याकडची, आठशे मीटर पळणारी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी.

"सर, रागवू नका. तुमचा आकडा दर रविवारी असाच पडतो. आमी बघतो ना ग्रुपवर."

मी मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सारलं.

"पन तुमी तर दारूला शिवत नाय. म्हंजे दारू नाय पियाली तरी आकडा पडतो. मग काश्या खरा बोलत असंल ना, सर?"

तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता. असता तर बरं झालं असतं. पोरी, मी दर शनिवारी दार लावून बसतो गं, मिलिटरी कँटीनची बाटली घेऊन. हे तोंडाशी आलं होतं. पण नियमाप्रमाणे पहिला मी बाहेर गेलो असतो.

"खरंय," मी म्हणालो. "मलाही अधूनमधून कणकण येते."

मग काशिनाथच्या कपाळाला हात लावला. चटका बसला. एवढं तर घड्याळ नसतानाही कळलं असतं.

त्याला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. मलेरिया निघाला. "अंगात ताप असताना याला पळवलं कुणी?" डॉक्टरांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत काशिनाथच म्हणाला, "मीच पळालो, साहेब." मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तो बरा झाला. पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी त्याची आई क्लासवर आली. पिशवीत कसल्याशा सालीच्या काढ्याची बाटली. पोरांनी तिला माझ्या रविवारच्या तापाचं सांगितलं होतं.

"सकाळच्याला उपाशी घ्याचा, सर. या औषधाला दारूचा पथ्य हाय," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. "बाकीच्यांना बजावून सांगावा लागतो. तुमाला काय सांगायचा!"

सगळी पोरं बघत होती. मी तिथेच एक घोट घेतला. कडूजहर होता.

त्या शनिवारी दारूची बाटली मोरीत ओतली. तेव्हापासून घेतलेली नाही. काशिनाथ ग्राउंड पास झाला, आता लेखीच्या तयारीला लागलाय. माझा आकडा रविवारी पडत नाही. ग्रुपवर ते सगळ्यांना दिसतं, आणि काढ्यानेच गुण आला अशी सगळ्यांची खात्री आहे. आता जव्हारहून माणसं तापावर औषध न्यायला काशिनाथच्या घरी जातात. मी त्यांना एवढंच सांगतो, आधी दवाखान्यात रक्त तपासा. ती म्हणतात, "पण सर, तुम्हाला तर त्यानेच बरं वाटलं ना?"

मी हो म्हणतो.