सरांच्या टेबलावरची मोसंबी

जालना स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकते न टाकते तोच काकूंचा फोन आला. "सर आज बी न्हाई म्हणून राह्यलेत. तूच समजाव आता."

सर म्हणजे माझे शाळेतले चित्रकलेचे शिक्षक, काकू त्यांच्या पत्नी. निवृत्तीनंतर ते भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईला राहतात. काचबिंदूनं डावा डोळा गेलेला, उजव्यातला दाब वाढत चाललेला. शस्त्रक्रियेची तारीख त्यांनी दोनदा चुकवली होती, तिसरी दुसऱ्याच दिवशीची होती. डॉक्टरांनी काकूंना स्पष्ट सांगितलं होतं, आता उशीर केला तर हाही डोळा राहणार नाही. आणि सर अडून बसले होते एका अपुऱ्या चित्रासाठी. त्या चित्राला कारण मीच. मी पुण्यात कलेचा इतिहास शिकवते. जुन्या डच स्थिरचित्रांचं पुस्तक मीच त्यांना पाठवलं होतं.

भोकरदनची एसटी राजूरच्या अलीकडे पंक्चर झाली. "जल्दी होईल ताई, स्टेपनी हे," कंडक्टर म्हणाला. तासभर आम्ही लिंबाखाली बसलो. समोर काळं रान आणि मोसंबीच्या बागा, पण माझं लक्ष घड्याळाकडेच. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोन आजारी हे?"

"माझे सर."

"मंग पोचशीन. घाबरू नको."

भोकरदनहून काळीपिवळीनं (वडाप जीपनं) पिंपळगावला पोचले तेव्हा दुपार झाली होती. काकूंनी दारातच "जय भीम" म्हणत पिशवी घेतली आणि डोळ्यांनीच आतली खोली दाखवली.

खिडकीपाशी टेबल होतं. त्यावर बंद पडलेलं मनगटी घड्याळ, अर्धी जळलेली मेणबत्ती, उघडं पुस्तक, अर्धी सोललेली मोसंबी, वाळलेला भोपळा आणि अगदी डाव्या कडेला पाण्याचा काचेचा पेला. सर कॅनव्हासला नाक लावून रंगवत होते.

"सर, कवटी कुठंय?"

"घरात कवटी आणू दिली न्हाई म्या," काकू म्हणाल्या. "म्हणून भोपळा."

सर हसले. मला या डच चित्रांतल्या खुणा पाठ होत्या. कवटी म्हणजे मरण, घड्याळ म्हणजे सरत जाणारा वेळ, विझलेली वात म्हणजे संपलेलं आयुष्य, पेला म्हणजे ठिसूळपणा. परीक्षेला येतं म्हणून वर्षानुवर्षं मी मुलांना हेच लिहून देत आले. सर मात्र त्यात राहत होते.

"डच लोकांकडं लिंबू लांबून यायचं, महागाचं. वरून सोन्यासारखं, आत आंबट," ते म्हणाले. "आपल्याकडं मोसंबीला काय तोटा! पण साल काढली की दोन दिवसात सुकती. ही चौथी सोललीय. उद्या गेलो तर ही बी वाया."

"अनित्य म्हणायला डच लोक कशाला लागतेत?" काकू ताटं मांडत म्हणाल्या. "विहारात तेच तर ऐकतो आपण."

ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची तिखट आमटी) होतं. सर चवीनं जेवले आणि पुन्हा ब्रशकडे वळले.

मी त्यांच्या मागे उभी राहिले. मोसंबी अप्रतिम उतरली होती, सालीची गुंडाळी, आतला पांढरा पापुद्रा. मग माझ्या लक्षात आलं. चित्रात पेला नव्हता. त्या जागी भिंतीचा करडा रंग शेवटचा हात मारून पुरा केलेला होता.

"झालं जवळजवळ," सर म्हणाले. "फक्त मेणबत्ती राह्यली. सगळं आलंय ना?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. हो म्हणणं किती सोपं होतं.

"न्हाई सर," माझ्या तोंडून गावची भाषा आली. "पेला राहिलाय."

"कोणता पेला?"

मी त्यांचा हात धरून डावीकडे नेला. बोटं काचेला लागली आणि थांबली. त्यांनी पूर्ण मान वळवून पेला पाहिला, मग कॅनव्हासवरची रिकामी जागा बोटानं चाचपली. ओला रंग बोटाला लागला.

"हा कवापासून हे इथं?"

"तुम्हीच ठेवलाय. पहिल्या दिवशी," काकू हळूच म्हणाल्या.

सरांनी बोट सदऱ्याला पुसलं. "मला वाटलं, मला बराबर दिसून राह्यलं. शेवटची बस कितीला हे?"

त्या रात्री जालन्यात मस्तगड भागात काकूंच्या भाचीकडे उतरलो. सकाळी शस्त्रक्रिया झाली. बाहेर बाकावर काकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचा वण उठला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. दाब उतरला होता. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली टिकेल, पण तपासणी चुकवायची नाही. सरांनी आधी काकूंचा चेहरा पाहिला, मग मान वळवून मला शोधलं.

"तू डावीकडं उभी हेस व्हय," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत मला राहून राहून धडकी भरत होती. त्या दुपारी मी सरांचं मन राखलं असतं, तर त्यांनी खुशीत चित्रावर सही केली असती आणि मला अभिमानानं ते दाखवत राहिले असते, मी कुठं उभी आहे हे दिसेनासं होईपर्यंत.