शिक्केसाहेबांचा डबा

आमच्या नणंदेचे यजमान कत्तलखान्यात मांस तपासतात. चांगल्या मांसाला 'पास' म्हणून जांभळा शिक्का मारायचा, खराब निघेल ते बाजूला काढायचं, एवढंच काम. पण चालतात असे की जगातल्या प्रत्येक ताटात काय पडावं हे त्यांच्याच हातात आहे. पाठीमागे सगळे त्यांना शिक्केसाहेब म्हणतात. आमचे हे तोंडावरही म्हणतात, आणि भाऊजींना वाटतं, मान दिला.

कोणाबद्दल वाईट लिहू नये, हे मला कळतं. सकाळी देवापुढून उठताना रोज ठरवते, आज भाऊजींविषयी मनात काही आणायचं नाही. मग ते घरी येतात.

येतात ते थेट स्वयंपाकघरात, आणि पातेल्यावरचं झाकण उचलून नाक खुपसतात.

"वहिनी, मांस आणताना शिक्का बघितला होता ना?"

"बघितला. तुमचाच होता."

"मग काळजी नको."

"तेव्हापासूनच लागलीय."

यावर ते खदखदून हसतात. टोमणा लागायला आत काहीतरी असावं लागतं.

एकदा वन्संबरोबर मी त्यांच्या कचेरीत गेले होते. टेबलामागे भिंतभर तक्ता. त्यावर मेंढी, कुत्रा आणि एक लहान पोर, तिघं बाणांनी जोडलेले. भाऊजींनी फूटपट्टी घेऊन मला समजावलं, जणू तो रोग त्यांनीच जन्माला घातला होता. मेंढीच्या कलेजीत पाण्याने भरलेले फोड होतात. ती कच्ची कलेजी कुत्र्याने खाल्ली की त्याच्या आतड्यात बारीक कृमी वाढतात. कृमींची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात, आणि त्याला कुरवाळणाऱ्या पोराच्या तोंडात जातात. पुढे त्या पोराच्या यकृतात तसाच फोड धरतो आणि गुपचूप वाढत राहतो.

"म्हणून खराब कलेजी खड्ड्यात टाकायची, वर चुना, वर झाकण. कोल्ह्याकुत्र्याच्या तोंडी लागता कामा नये."

खिडकीतून तो खड्डा दिसत होता. झाकण बाजूला पडलेलं, कडेची माती उकरलेली.

"कोल्हे येतात," भाऊजी म्हणाले. "मी वर तक्रार केलीय."

"कोणाची?"

"कोल्ह्यांची."

आणि हाच माणूस संध्याकाळी घरी येताना स्टीलचा डबा भरून आणायचा. सरदारसाठी. सरदार म्हणजे त्यांचा कुत्रा. दिसायला देखणा, स्वभावाने त्या घरातला सगळ्यांत शहाणा. डब्यात बाजूला काढलेलीच कलेजी असायची. मी एकदा विचारलं, भाऊजी, तुमच्या तक्त्यावर तर वेगळंच लिहिलंय. तर म्हणाले, "अहो वहिनी, तक्ता अडाण्यांसाठी. फोड कुठे आहे ते मला दिसतं. तेवढा भाग सुरीने उडवतो, उरलेली कलेजी लख्ख. वाया कशाला घालवायची?" वन्संना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "त्यांचाच विषय आहे तो." लग्न झाल्यापासून त्या घरातला प्रत्येक विषय त्यांचाच. पडद्याच्या रंगापर्यंत.

त्यांची मुलगी, माझी भाची बारकी, सरदारच्या पोटावर डोकं ठेवून अभ्यास करायची. खाऊ त्याला एक घास, हिला एक घास.

मागच्या महिन्यात बारकीच्या बरगडीखाली दुखू लागलं. भाऊजींनी स्वतःच तपासलं. पोटावर दोन बोटं वाजवली आणि निकाल दिला, शाळा चुकवायचं सोंग. चार घास खाल्ले की ओकायला लागली, तेव्हा वन्सं तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. सोबतीला मी. भाऊजी मागाहून आले, दारातूनच डॉक्टरांना आपला हुद्दा सांगत.

डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. सोनोग्राफीचा कागद पुढे ठेवून म्हणाले, "यकृतात मोठी गाठ आहे. आत काय आहे ते यावरून नक्की कळत नाही. सुई घालून थोडं काढून बघावं लागेल. त्याआधी एक सांगा. घरात कुत्रा आहे?"

"आहे," भाऊजी म्हणाले.

"कच्चं मांस, कलेजी वगैरे खातो?"

"छे, छे. दूध आणि पाव. कलेजी त्याला ठाऊकसुद्धा नाही."

"नीट आठवून सांगा. कुत्र्यामुळे होणारा फोड असला तर सुई घालण्यात धोका आहे. आतलं पाणी पोटात सांडलं तर मुलगी हातची जाऊ शकते. तशी शक्यता असेल तर आधी रक्त तपासू."

आता तरी बोलतील म्हणून मी भाऊजींच्या तोंडाकडे पाहिलं. सगळा तक्ता त्यांना पाठ. मेंढी, कुत्रा, पोर. ते पोर शेजारच्या बाकावर आईच्या मांडीत डोकं खुपसून कण्हत होतं. भाऊजींनी छताच्या पंख्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "आमच्या भागात कोल्हे फार आहेत."

नोकरी. दुसरं काय. खराब माल घरी नेला हे कळलं तर शिक्का जाईल, आणि शिक्का गेला की खाली उरतं काय?

माझ्या तोंडाशी शब्द आले होते, पण वन्सं आधी बोलल्या. आवाज चढला नाही. भाजीवाल्याशी बोलावं तशा बोलल्या.

"डॉक्टर, हे खोटं सांगतायत. रोज डबा भरून फोडांची कलेजी आणतात. कुत्रा खातो. हिनेच भरवलीय त्याला, या हातांनी."

"अगं, तुला काय कळतं त्यातलं?"

"डबा मी घासते. मला एवढं कळतं."

डॉक्टरांनी सुईचा बेत बाजूला ठेवला आणि रक्त काढायला सांगितलं. निकाल आला तो तक्त्यावरचाच. आधी गोळ्या, मग मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया. फोड अख्खा निघाला, फुटला नाही. मी देवासमोर बसून रडले, पोटभर. बारकी आता उठून बसते, खायला मागते. सरदारलाही औषध दिलं. तो बिचारा दारात बसून हिची वाट बघतो.

आणि भाऊजी? परवा शेजारी बघायला आले, तर बारकीच्या उशाशी उभे राहून त्यांना सांगत होते, "मी डॉक्टरला म्हटलं, सुई लावाल तर खबरदार. आमचं आयुष्य गेलंय यात." वन्सं चहा घेऊन आल्या, त्यांनी ऐकलं, कप ठेवले आणि आत गेल्या. देवाला मी घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन सांगते. भाऊजींचं नाव ओठाशी येऊन रोज अडतं.

काल संध्याकाळी मी तिथेच होते. भाऊजी कामावरून आले, तर वन्सं उंबऱ्यात आडव्या.

"पिशवी उघडा."

"काय चाललंय हे? वहिनी बघतायत."

"बघू देत. उघडा."

उघडली. वर्तमानपत्र, चष्मा, पाण्याची बाटली. वन्संनी हात घालून तळ चाचपला, पिशवी उलटी करून झटकली. भाऊजी पायरीवर उभे, हात दोन्ही बाजूंना लोंबत. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालायचं थांबून बघत होती.

"डबा कुठाय माझा?" भाऊजींनी हळूच विचारलं.

"भंगारात," वन्सं म्हणाल्या, आणि आत यायला वाट दिली. "पास."