गोड गोळी

आमच्या वाडीत कुणी चपला घालून जात नसे. नारळ-पोफळी म्हणजे घरची लक्ष्मी; चपला बाहेर काढायच्या आणि अनवाणी आत. शिंपणं झाल्यावर पाटाकाठचा गार चिखल बोटांमधून वर यायचा. ते सुख आठवलं की आजही तळवे शिवशिवतात. पोट दुखायला लागलं की आई म्हणायची, "गूळ चोरलास ना? खाई त्याला खवखवे!" जंत गुळानेच होतात, याबद्दल घरात दुमत नव्हतं. गूळ मी चोरलेला असायचाच, त्यामुळे मलाही ते पटायचं.

पुढे मी गावच्याच शाळेत बाई झाले आणि हेच ज्ञान पोरांना दटावून दटावून वाटत राहिले.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी चौथीत एक मुलगी होती. खो-खोत कुणाच्या हाती लागायची नाही; माझी फार लाडकी. दिवाळीनंतर ती मैदानाच्या कडेला बसून राहू लागली. नखं पांढरीफटक, चोरून खडू खायची. तिची आई नारळी-पोफळीच्या वाड्यांत कामाला जायची, लेक तिच्या मागे अनवाणी. पोरीला गोड खाऊ घालते म्हणून त्या आईला बोलावून मी चांगलं झापलं. ती म्हणाली, "गोड कवाच बंद केलाय, बाई. चहात साखर पन न्हाय."

मग शाळेत तपासणीला नर्सबाई आल्या. मुलीच्या अंगात रक्त फार कमी होतं. "हे जंत मातीतून अनवाणी पायांवाटे शिरतात आणि रक्त पितात," त्या म्हणाल्या. "गुळाचा काही संबंध नाही."

माझा पारा चढला. "आम्ही त्याच मातीत वाढलो!"

"मग जंत तुम्हालाही होत असणारच की, बाई."

पण शाळेत जंतांची गोळी मी स्वतः या मुलीच्या हातावर ठेवली होती. ती का लागू पडली नाही? मुलीला विचारलं, तर तिने मान खाली घातली.

"ती गोड लागली, बाई. मी मागे जाऊन थुंकली. तुमीच सांगलंव ना, गोडानं जंत होतात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोर माझंच ऐकून वाळत चालली होती.

"मी चुकीचं शिकवलं गं," मी म्हटलं. नर्सबाईंकडून दोन गोळ्या घेतल्या, एक तिच्यासमोर कचाकचा चावली. तिने मला तोंड उघडायला लावलं, जीभ वर करून दाखवायला लावली. मगच तिने हात पुढे केला.