सपाटराव थांबले

रोलर चालवणाऱ्या त्या माणसाला 'सपाटराव' हे नाव कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ते चिकटलं ते कायमचं. खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी निघायचं, आणि तेव्हा ते स्वतःच 'हा कोण नवीन?' अशा चेहऱ्याने इकडेतिकडे बघायचे.

सपाटरावांचा सगळा जीव एका नियमात होता. ताजं डांबर अंथरलं की त्यावरून रोलरने संथ जायचं, संथ यायचं, दिशा बदलताना लिव्हर हळूच फिरवायचा, पण गरम डांबरावर उभं म्हणून राहायचं नाही. उभं राहिलं की रोलरच्या वजनाने खळगा पडतो, खळग्यात पाणी साचतं, ते आत मुरतं आणि चांगला धडधाकट रस्ता आतून खिळखिळा होतो. थांबायचंच असेल तर दाबून निवलेल्या भागावर जाऊन थांबा. नवा ड्रायव्हर कामाला लागला की सपाटराव त्याला हे प्रेमाने समजावत, आणि एवढं समजावूनही तो थांबलाच तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

हा नियम घरच्यांच्याही वाट्याला आला होता. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून निरोप आला. सपाटराव म्हणाले, "माल गरम आहे, निवला की निघतोच." माल निवेपर्यंत मुलगी दोनदा रडून झोपलीसुद्धा होती. बायकोने हौसेने सिनेमाची तिकिटं काढली, तर हे मध्यंतराला उगवले, तेही डांबराचा वास घेऊन.

"तुमचा तो रोलर एकदा तरी माझ्यासाठी थांबेल का हो?" ती चिडून विचारायची.

"गरम मालावर थांबता येत नाही गं," सपाटराव ताटात बघत म्हणायचे. पुढे पुढे तिने विचारणंच सोडून दिलं.

मात्र एका गोष्टीवरून ती कधी हटली नाही. ती गोष्ट म्हणजे दारातलं डबकं. शहरभर सपाटरावांनी दाबलेले गुळगुळीत रस्ते, आणि त्यांच्याच फाटकासमोर एवढं पाणी की आता त्यात मासे सोडायचे तेवढे बाकी होते. गेल्या वर्षी त्याच डबक्यात तिचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये होता तोवर सपाटरावांनी स्वयंपाक केला आणि तिने तो निमूटपणे गिळला. दोघांपैकी जास्त हाल कुणाचे झाले हे सांगणं अवघड आहे. पण सपाटराव मनातून फार ओशाळले होते. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्यांनी शब्द दिला, "आपल्या गल्लीचा रस्ता होऊ दे. दारात ओंजळभर जरी पाणी साचलं तरी नाव लावणार नाही." कोणतं नाव, ते सांगितलं नाही.

अखेर गल्लीची पाळी आली आणि सपाटरावांनी मुकादमाचं डोकं खाल्लं. गटाराचं तोंड रस्त्यापेक्षा उंच होतं, ते खणून खाली घ्यायला लावलं. जुना रस्ता झाडून घेतला, मग स्वतः वाकून बोट फिरवून धूळ पाहिली आणि पुन्हा झाडायला लावला, कारण धुळीवर डांबर धरत नाही. माल घेऊन ट्रक आला की ताडपत्री उचलून तो पुरेसा गरम आहे का ते बघायला सगळ्यात आधी हेच.

"सपाटराव, गल्ली आहे ही, विमानतळ नाही," मुकादम वैतागून म्हणाला.

"विमान उतरलं तरी तक्रार येता कामा नये," सपाटराव म्हणाले आणि रोलरवर चढले.

डांबर अंथरणारं पेव्हर यंत्र पुढे माल टाकत चाललं होतं, वाफा निघत होत्या, आणि मागे सपाटराव, डांबर चिकटू नये म्हणून ओल्या ठेवलेल्या चाकाने, तो दाबत होते. जायचं, यायचं. काम इतकं देखणं चाललं होतं की मुकादमसुद्धा गप्प बसला. रोलर त्यांच्या फाटकासमोर आला तेवढ्यात फाटक उघडलं. बायको बाहेर आली. एवढ्या संसारात तिने नवऱ्याला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. त्या उंच सीटवर, पिवळं जाकीट घालून, ताठ बसलेला हा माणूस आपलाच आहे हे बघून ती हरखून गेली. तिने मोबाइल वर धरला आणि हाक मारली, "अहो! थांबा जरा!"

आणि सपाटराव थांबले.

कसे थांबले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. हात आपोआप लिव्हरकडे गेला. "हसा ना थोडं! अगंबाई, बोट आलं मधे. पुन्हा एकदा!" सपाटराव पुन्हा हसले. खाली डांबर धगधगत होतं, वर सपाटराव दात दाखवत होते, आणि फावडी हातात धरलेले सगळे जण आ वासून बघत होते.

"सपाटराव!" मुकादम ओरडला. "गरम माल!"

सपाटरावांचा चेहराच उतरला. त्यांनी रोलर हलवला, पण चाकाखाली खळगा पडला होता. आडवा, तिरका, सगळ्या बाजूंनी रोलर फिरवून त्यांनी तो बराचसा भरून काढला. सगळा नाही निघाला. मुकादमाने सरळ पट्टी ठेवून पाहिली आणि म्हणाला, "चालतंय की. एवढं तर सगळीकडेच असतं."

"माझ्याकडे नसतं," सपाटराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाटकासमोर बादलीभर पाणी ओतलं. पाणी गटाराकडे सरळ पळालं, पण ताटलीभर मागे राहिलं. सपाटरावांना रडूच यायचं बाकी होतं. ते तडक कामावर गेले, आणि दोन माणसं आणि घमेलंभर गरम माल घेऊन आले. येऊन बघतात तर खळग्यावर खुर्ची टाकून बायको बसलेली.

"ऊठ बघू. हे खणून परत भरायचंय."

"हात लावायचा नाही कुणी."

"अगं, तू पुन्हा पडशील!"

"ताटलीभर पाण्यात कोण पडतंय? डबकं गेलं, तुमचा शब्द पुरा झाला." मग खुर्चीत नीट सावरून बसत ती म्हणाली, "सगळ्या जन्मात एकदा तुम्ही माझ्यासाठी थांबलात. ती जागा मी खणू देणार नाही."

सपाटराव नुसते उभे राहिले. माल घमेल्यात निवत होता आणि त्यांना त्याची आठवणही नव्हती. आपण किती वेळा थांबायला हवं होतं, ते त्यांना आत्ता एकदम दिसलं, आणि फार वाईट वाटलं. घमेलं उचलून दोन्ही माणसं हळूच सटकली.

तो फोटो आता बैठकीच्या खोलीत आहे. पाहुणा आला की बायको आधी फोटो दाखवते, मग बाहेर नेऊन खळगा. सपाटराव तेवढ्या वेळात आत जाऊन काहीतरी शोधू लागतात. पाऊस पडला की मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बघायच्या आत ते खराटा घेऊन बाहेर पळतात आणि ते ताटलीभर पाणी गटारात लोटू लागतात.

"अहो, थांबा जरा," ती फाटकातून म्हणते.

आणि ते थांबतात.