आक्कांचा वर केलेला हात

दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात आक्कांच्या सुनेचा, वैशालीचा फोन आला. "काका, आक्का गेल्या... पहाटे, झोपेतच." मी तसाच पायरीवर बसलो. आदल्या सकाळीच तर बागेत भेटलो होतो. भेटलो म्हणजे काय, नेहमीसारखा मेंदीच्या कुंपणापलीकडून आक्कांनी उजवा हात वर केला, मी थांबलो, माझा कुत्रा ब्रुनो खाली बसला आणि पदर सावरत त्या समोरून निघून गेल्या. आमची मैत्री ही अशी, चार हात लांबूनच चालायची.

आक्कांना कुत्र्याची भीती होती. थोडीथोडकी नाही, अंगाला कापरं भरावं इतकी. लहानपणी राधानगरीकडच्या वाडीवर कुत्रं चावलेलं, पोटात इंजेक्शनं घेतलेली. त्यात म्हातारपणी साखर निघाली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि शाहूपुरीत त्यांच्या घराजवळ निवांत चालण्याजोगी जागा म्हणजे ही एवढी एकच बाग. पहिल्या दिवशी ब्रुनोला बघून त्या थेट बाकावर चढल्या. सत्तरीची बाई, नऊवारीत, बाकावर उभी! मी आम्हा कुत्रेवाल्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं, "घाबरू नका, तो काही करत नाही हो." आक्का वरूनच कडाडल्या, "त्यो काय करत न्हाय, हे तुमाला म्हाईत. मला कुठं म्हाईत हाय? आणि त्याला तरी म्हाईत हाय का?" मी ब्रुनोची साखळी आखडून त्याला लांब नेलं.

पुढे बागेत कुत्र्यांना बंदीच करा म्हणून काही मंडळींनी बैठक बोलावली. मंडळाच्या खुर्च्या आणून मांडल्या आणि आवाज इतके चढले, की रस्त्यावरचे लोक गाड्या थांबवून बघायला लागले. बंदीवाल्यांनी हुकमी एक्का म्हणून आक्कांना पुढे केलं. आक्का उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला कुत्र्याचं लई भ्या वाटतंय." मागच्या रांगेत तालमीतले एक पैलवान बसले होते, मान खांद्यात रुतलेली, मिशा पिळदार. ते जरा जास्तच मोठ्यानं हसले. "कुत्र्याला काय भ्यायचं, आक्का!" आक्कांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. "भ्या वाटतंय ते वाटतंय. त्यात लाजायचं काय? चोरी केलीया व्हय मी?" पैलवान खाली बघायला लागले. बंदीवाले खूश झाले, पण तेही घटकाभरच, कारण आक्का पुढे म्हणाल्या, "पर कुत्री हाकलू नगा. हितनं हाकलली तर रस्त्यावर येतील, आणि रस्त्यावर मी बी हाय की. आमच्याकडं धुक्यात म्हस दिसत न्हाय, पर तिची घंटी ऐकू येती. मला कुत्रं कुठं हाय एवढं कळू द्या, साखळी सोडू नगा आणि मी हात वर केला की थांबा. बास!"

दुसऱ्याच दिवशी वैशालीच्या हाती त्यांनी माहेरच्या म्हशीची पितळी घंटी पाठवली. ती ब्रुनोच्या पट्ट्याला बांधली. बाकीचे कुत्रेवाले "म्हस आली, म्हस आली" म्हणून मला चिडवत होते, आणि बघता बघता त्यांच्याही कुत्र्यांच्या गळ्यात घंट्या आल्या. लोक विचारतात, शेवटी आक्कांची भीती गेली का? नाही गेली. ब्रुनोला त्यांनी कधी हात लावला नाही, नावानं हाक मारली नाही. "तुमचं जनावर" एवढंच. एकदा तो आजारी होता आणि मी एकटाच फिरत होतो, तेव्हा त्यांनी लांबूनच विचारलं, "घंटी वाजंना आज... जनावर बरं हाय न्हवं?" भीती गेली असती तर गोष्ट गोड झाली असती. पण ती जशीच्या तशी उराशी घेऊन ही बाई रोज सकाळी बागेत आली. धीट माणसं मी पुष्कळ बघितली, आक्कांइतकं धीट कुणी नाही बघितलं. आता सकाळी त्यांची फार आठवण येते.

दिवसकार्य आटोपल्यावर वाटलं, घंटी परत द्यावी. त्यांच्या माहेरची वस्तू, त्यांच्या घरात राहिलेली बरी. गेल्या रविवारी बागेतून परस्पर वैशालीकडे जायचं ठरवूनच निघालो. घंटी वाजत होती. मेंदीच्या वळणाशी आलो आणि कुंपणापलीकडून एक हात वर आला. क्षणभर वाटलं, आक्काच... पण हात दांडगा होता, मनगटाला काळा दोरा. पैलवान! मी थांबलो, ब्रुनो सवयीनं खाली बसला. पैलवान पलीकडच्या भिंतीला अंग घासत, श्वास रोखून पुढे गेले. सुखरूप पार झाल्यावर कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "पावणं, मला बी पहिल्यापास्नं भ्या वाटतंय बघा. घंटी वाजली की मी गेटातनंच माघारी जायचो. आक्कावानी सांगायला जमत नव्हतं, एवढंच."

"आज जमलं की," मी म्हणालो.

वैशालीकडे गेलो नाही. घंटी ब्रुनोच्या गळ्यातच आहे. पैलवानांना उद्याही चालायचं आहे.