सलूनमधली नाकेबंदी

वरवट बकालात माझं सलून आहे. संध्याकाळी झाडू मारला की केस जातात, किस्से मात्र तिथंच पडून राहतात! आता पोट्टे येतात अन् मोबाइलात डोकं घालून बसतात. मग शंकरकाका आणि प्रल्हादकाकांची फार आठवण येते. शाळेपासूनचे दोस्त. रोज माझ्या बाकड्यावर बसून एकच पेपर अर्धा-अर्धा वाटून वाचायचे.

*

मग तिकडं रशिया-युक्रेनचं युद्ध पेटलं आणि इकडं माझं बाकडं फुटलं!

युक्रेनचं सूर्यफूल तेल अडकलं, आणि शंकरकाकांनी घरात ठेवलेल्या सोयाबीनचा भाव चढला. काका लगेच अमेरिकेच्या गोटात! "रशियावर बंदी पाहिजेच!"

प्रल्हादकाकांचं ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र. ते उसळले, "रशियाचं तेल सस्तं येऊन राह्यलं, आता डिझेल उतरते पाय! बंदी टाकणारे हे कोण बे?"

"मंग आजपासून तुह्यावर बी बंदी!"

"जाय, माह्याकडून बी!"

बोलणं बंद. दुसऱ्या दिवसापासून मला दोन पेपर घ्यावे लागले. युद्ध त्यांचं, भुर्दंड माझा!

*

एकदा शंकरकाकांनी त्यांच्या बगीच्यातली संत्री आणून दिली. "तू खाय. अजून कोणाले द्यायची ते तुह्यं तू पाय."

मी ती प्रल्हादकाकांपुढं ठेवली. त्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"त्याच्याच बगीच्यातली हायेत."

"मग परत करू का, काका?"

"काऊन? तुह्या हातून आली ना! रशियाचं तेल बी असंच भारतातून फिरून युरोपात जाते."

*

पुढं सोयाबीन कापून पडलं आणि आभाळ भरून आलं. गावात सगळ्यांचीच धावपळ, मीही मदतीला शेतात गेलो होतो. शंकरकाकांच्या गंजीपाशी न बोलावता मळणीयंत्र येऊन उभं राहिलं.

"गजू, हे गंजी तुह्यी हाय ना?" प्रल्हादकाकांनी मला विचारलं.

मी गंजीकडं बघायला लागलो. तेवढ्यात बांधावरून शंकरकाकाच ओरडले, "हाव म्हण ना बे!"

*

नंतर सोयाबीनचा भाव पडला आणि पोटॅश महागलं. शंकरकाका सलूनमध्ये येऊन म्हणाले, "बंदी उठवली पाहिजे. खत तं रशियाकडूनच येते!"

मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं! पण प्रल्हादकाका त्याच सकाळी पंपावरून तणतणत आले होते. "डिझेल रुपयानं बी उतरलं नाई. टाका म्हणा रशियावर अजून बंदी!"

अरे देवा! दोघांनी बाजू बदलली, तीही एकाच दिवशी!

*

मग शंकरकाकांना लेक पुण्याला घेऊन गेला. अबोला तसाच. हे दोघं न बोलताच राहिले तर, या विचारानं मला खरंच वाईट वाटायचं.

अशात प्रल्हादकाकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मी भेटायला अकोल्याला गेलो. काका डोळे मिटून पडलेले, कोणाशी बोलत नव्हते. काकू रडकुंडीला आलेल्या. तेवढ्यात पुण्याहून शंकरकाकांचा फोन आला.

"गजू, त्याले इचार, आता तो कोणाच्या बाजूनं हाय?"

मी कानाशी वाकून विचारलं. त्यांनी एक डोळा किलकिला केला. मग ओठ हलले.

"त्याले सांग... तो ज्या बाजूनं हाय, त्याच्या उलट."

मी तसंच सांगितलं. पलीकडं शंकरकाकांनी नाक ओढलं.

"मंग बरा हाय तो," म्हणाले, आणि फोन ठेवला.