दोरी धरणाऱ्याचा श्वास

मालवणहून डायव्हिंगचं सर्टिफिकेट घेऊन मी जानेफळला घरी आले, तेव्हा बाबांनी ते चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "पानी कसं होतं वं?"

"मस्त. कोमट."

"मंग त्यात काय? कोमट पान्यात म्हैसबी पवते."

रागारागात मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पण तसं म्हणायचा हक्क बाबांना होता. आसपासच्या गावांत कुणाच्या विहिरीत घागर पडो की मोटर, बोलावणं बाबांना यायचं. नुसत्या दमावर ते तीन परस, म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या पाण्यात जायचे आणि पडलेल्या वस्तूला दोराची गाठ मारून वर यायचे. मोबदला एक नारळ, तो तिथंच काठावर फोडायचा. आमच्याकडे आणखी एक रिवाज होता. बुडी मारणाऱ्याच्या कमरेला बांधलेली दोरी ज्याच्या हातात, त्यानंही काठावर त्याच्याबरोबर दम धरायचा. आपला दम संपला की दोरी ओढायची. लहानपणी ती दोरी मी धरायचे, गाल फुगवून, डोळे पाण्यावर लावून. ती सवय इतकी मुरली होती की मालवणला शिकवणारा रोज माझ्यावर ओरडायचा. सिलिंडर पाठीवर असताना श्वास कधीच रोखायचा नाही, हा तिथला पहिला नियम.

गेल्या वर्षी बाबांना हृदयाचा झटका येऊन गेला. मेहकरच्या डॉक्टरांनी बुडी मारायला साफ मनाई केली. आणि चैत्रात शेजारचे काका दारात आले: मोटरचा दोर तुटला, मोटर तळाला गेली, कांदा सुकून राह्यला. बाबांनी उभ्या जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं.

"परवा सकाळी उतरतो," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "तुमी नाही, मी उतरते."

"तुले जमते? खालचं पानी समुद्रावानी नसते. हाडात घुसते."

"जमते."

"ठीक हाय. नाही जमलं तर मी उतरीन. मंग रडायचं नाही."

म्हणजे मोटर निघाली नाही, तर बाबा पाण्यात जाणार होते. मला कांद्याची काळजी नव्हती, मी खोटं कशाला बोलू?

माझ्याबरोबर कोर्स केलेली मैत्रीण छत्रपती संभाजीनगरहून दोन सिलिंडर घेऊन आली. विजेची वायर आधीच सोडवून ठेवली होती. मैत्रीण तयार होऊन विहिरीच्या खालच्या पायरीवर बसली, दोरी बाबांनी धरली आणि मी उतरले.

वरचं पाणी थेट मालवणचं. उन्हानं तापलेलं, अंगाला गोड लागणारं. मनात म्हटलं, हेच का तुमचं हाडात घुसणारं पाणी? दुसऱ्या परसाला उंबरा ओलांडावा तसं ते बदललं. छातीला असा गारठा लागला की श्वास अडकला. समुद्रासाठी घेतलेला पातळ सूट कागदाइतकाही कामाचा नव्हता. तिकडे शंभर मासे दिसायचे, इथं बॅटरीच्या उजेडात फक्त हिरवा धूर. बोटं बधिर झाली. हळूहळू श्वास सोडला, घेतला, पुन्हा सोडला. मोटर दिसली. हात पुढे केला आणि कमरेला जोरात हिसका बसला.

मी वर, वर, वर. शिकवल्याप्रमाणे सगळा वेळ श्वास बाहेर सोडत राहिले म्हणून निभावलं. डोकं बाहेर काढलं तर काठावर बाबा लालबुंद होऊन धापा टाकत होते.

"इतका येळ? मले वाटलं गेली पोरगी!"

बाबांनी माझ्याबरोबर दम धरला होता. हृदयाच्या पेशंटनं! आणि आता ते सदऱ्याची बटणं सोडत होते. "हो बाजूले. तुले नाही जमत."

"बाबा, बटनं लावा!" मी विहिरीतूनच ओरडले. शेजारचे काका दचकून मागे सरले. "मी खाली श्वास घेऊन राह्यली. तुमी काऊन दम धरता? बुडबुडे येऊन राह्यले म्हंजे मी बरी हाय. तुमी वर श्वास घ्या, मी खाली घेते. मी दोनदा हिसका देल्याशिवाय ओढू नका."

बाबांनी एकेक करून बटणं लावली.

दुसऱ्यांदा गारठा आला तेव्हा मी त्याची वाटच पाहत होते. बधिर बोटांनी मोटरला मारलेली दोराची गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि बाबांनी घागरीवर शिकवलेली गाठ हातांना आपोआप आठवली. दोन हिसके दिले आणि सावकाश वर आले. चार माणसांनी मोटर ओढून काढली, तेव्हा मी थंडीनं कुडकुडत इतकी मोठ्यानं हसले की मैत्रिणीला वाटलं मला काहीतरी झालं. दुपारी कांद्याला पाणी सुटलं.

बाबांनी नारळ माझ्या हातात दिला. मी तो एका घावात फोडला.

ही बातमी कुठंकुठं पोचली कोण जाणे, पंधरा दिवसांनी थेट लांबच्या धाड गावाहून फोन आला. कुणाची तरी मोटर पडली होती. बाबा फोनवर म्हणाले, "हाव, येतो ना." माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"पोरगी उतरते," ते पुढे म्हणाले. "मी दोरी धरतो." मग माझ्याकडे पाहून फोनवरच्या माणसाला सांगितलं, "आन् श्वासबी घेतो."